गाय माझ्याकडे, ओटीपी वेर्ण्याला

आमच्या घरी आधी खाणीवरचं खनिज वाहणारा ट्रक होता. २०१२ साली गोव्यातल्या खाणी बंद पडल्या, मध्ये थोडंफार काम मिळालं, आणि १६ मार्च २०१८ पासून सर्वोच्च न्यायालयाच्या निकालामुळे पुन्हा सगळं थांबलं. ट्रक विकला आणि कामधेनू योजनेच्या अनुदानावर संकरित गाई घेतल्या. नुसत्या दुधावर घर चालणार नव्हतं, म्हणून यजमान वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत कामाला लागले. वाळपईच्या पुढच्या आमच्या गावातून ते पहाटे निघतात आणि रात्री आठला घरी येतात. गोठा माझ्याकडे आला. धारा, चारा, शेण, सोसायटीत दूध घालणं, वासरांचं बघणं, सगळंच.

हे आधी सांगते, कारण मोबाइलवरून पशुपालनाचा सल्ला मिळवण्याचा माझा सगळा अनुभव घरातल्या ह्याच वाटणीने ठरला.

२०२० च्या सप्टेंबरात पशुपालकांसाठीचं सरकारी ई-गोपाला ॲप सुरू झालं तेव्हा सोसायटीत त्याची चर्चा होती. त्यानंतर मी वेगवेगळी ॲप वापरून पाहिली. काही सरकारी, काही संशोधन संस्थांची, काही खाद्य बनवणाऱ्या कंपन्यांची. कुणाकुणात जनावराची पूर्ण नोंद ठेवता येते, कुणात फक्त माहिती वाचायला मिळते. नोंद ठेवणाऱ्या ॲपला जनावराच्या कानातला बिल्ला लागतो. पिवळा, बारा आकडी क्रमांकाचा. तो क्रमांक म्हणजे त्या गायीचा आधार. लसीकरण, कृत्रिम रेतन, गाभण तपासणी, वेत म्हणजे बाळंतपण, सगळं त्या क्रमांकाखाली जमा होतं. आमच्या गाईंना बिल्ले आधीच मारलेले होते, त्यामुळे फोनवर क्रमांक टाकला की झालं, अशी माझी समजूत होती.

क्रमांक टाकला आणि ओटीपी गेला यजमानांच्या फोनवर. कर्ज त्यांच्या नावावर, अनुदानाचा अर्ज त्यांच्या नावावर, म्हणून बिल्ला मारताना मालक म्हणून नाव त्यांचं आणि मोबाइलही त्यांचाच लिहिलेला. कारखान्यात पाळी सुरू झाली की फोन लॉकरमध्ये ठेवावा लागतो. जेवणाच्या सुट्टीत त्यांनी फोन उघडून मला आकडे सांगितले, तोवर त्या आकड्यांची मुदत संपलेली. रात्री ते घरी आले तर घरात नेटवर्क नाही. आमच्या वाड्यावर, म्हणजे वस्तीवर, नेटवर्क मिळतं ते देवळाच्या वरच्या वळणावर. आम्ही दोघं टॉर्च घेऊन तिथे गेलो आणि एकदाचं खातं उघडलं.

खातं उघडल्यावरही अडचण संपली नाही. लाळ्या-खुरकुताच्या लसीची आठवण, रेतनानंतर माजाकडे, म्हणजे गाय पुन्हा फळायला तयार होते का त्याकडे, लक्ष ठेवा असा निरोप, पावसाळ्याआधी जंताचं औषध द्या अशी सूचना, हे सगळं जायचं वेर्ण्याला. माणूस दिवसभर यंत्रासमोर उभा. रात्री दमून आल्यावर फोनमधले निरोप तो चाळतो तेव्हा गाय माजावर येऊन शांतही झालेली असते. गाईचा माज बारा ते अठरा तासांचा. सकाळी माज दिसला तर संध्याकाळी रेतन करायचं आणि संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी. हा वेळ हुकला तर पुढचे एकवीस दिवस गाय नुसती पोसायची. एका गायीच्या एकवीस दिवसांच्या खाद्याचा खर्च काय होतो, ते दूध घालणाऱ्या कुणालाही विचारा.

मी दवाखान्यातल्या पशुधन सहायकांना विचारलं, तेव्हा ते म्हणाले, "वहिनी, मालकाचं नाव राहू दे, मोबाइल नंबर बदलता येतो. आधार आणि बिल्ल्याचे नंबर घेऊन या." नंबर बदलला. त्या दिवसापासून ॲप खऱ्या अर्थाने माझं झालं.

सगळ्यात जास्त शिकले ते खाद्याच्या हिशेबात. आमच्याकडे सगळ्या गाईंना एकाच मापाची बादली देण्याची पद्धत. बारा लिटर देणाऱ्या गायीला तेवढंच आणि चार लिटरवर आलेल्या गायीलाही तेवढंच. खाद्य संतुलनाच्या ॲपमध्ये प्रत्येक जनावराची वेगळी माहिती भरावी लागते. वजन किती, कितवं वेत, विऊन किती महिने झाले, दूध किती, फॅट किती, गाभण आहे का. वजनाचा रकाना बघून बहुतेक बायका तिथेच थांबतात. गाय कोण काट्यावर चढवणार? पण शिंप्याच्या टेपने वजन काढता येतं. पुढच्या पायांच्या लगेच मागे छातीचा घेर इंचांत घ्यायचा. खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंतची लांबी इंचांत घ्यायची. घेराला घेराने गुणायचं, मग लांबीने गुणायचं आणि ६६० ने भागायचं. उत्तर किलोत येतं. घेर ६६ आणि लांबी ५८ असेल तर वजन साधारण ३८३ किलो. ही रीत कळल्यावर माझी शाळकरी मुलगी टेप घेऊन शेजारच्या गोठ्यांत फिरली आणि अर्ध्या वाड्याच्या गाईंची वजनं काढून आली.

ॲपने जे दाखवलं त्यामागचा ढोबळ नियम सोपा आहे. गायीला अंगपोषणासाठी दीड किलोच्या आसपास खुराक म्हणजे पेंड-कोंड्याचं खाद्य, आणि वर प्रत्येक अडीच लिटर दुधामागे एक किलो. म्हशीच्या दुधात फॅट जास्त, म्हणून तिला दोन लिटरमागे एक किलो. म्हणजे बारा लिटरच्या गायीला सहा किलोच्या वर खुराक लागत होता आणि मिळत होता पाच. चार लिटरवाली सहा महिन्यांची गाभण होती. तिला तीन किलोवर पोटातल्या वासरासाठी आणखी किलोभर दिलं तरी पुरत होतं. पोतं तेवढंच, फक्त वाटणी बदलली. त्यात रोज ५० ग्रॅम क्षार मिश्रण घातलं. महिन्याभरात पहिल्या गायीचं दूध वाढलं आणि खर्चात फरक पडला तो क्षार मिश्रणाच्या पिशवीपुरता. मला ॲपवर विश्वास बसला तो इथे.

पण ह्याच जागी त्याची मर्यादाही कळली. एका ॲपच्या चाऱ्याच्या यादीत बरसीम होता, गव्हाचा भुसा होता, मोहरीची पेंड होती. हे सगळं उत्तरेकडचं. आमच्याकडे भाताचा पेंढा, खोबऱ्याची पेंड, भाताचा कोंडा, थोडं हिरवं नेपियर, आणि बिअरच्या कारखान्यातून टेम्पोने येणारा ओला चोथा. गोव्यातल्या किती गोठ्यांत हा चोथा जातो ते दूधवाल्यांना माहीत आहे. स्वस्त पडतो आणि गाई आवडीने खातात. यादीत तो नव्हता. जवळचं काहीतरी निवडून हिशेब केला असता तर उत्तर चुकीचं आलं असतं, कारण चोथ्यात तीन-चतुर्थांशाहून जास्त पाणीच असतं. दहा किलो ओला चोथा म्हणजे सुकं खाद्य जेमतेम दोन-अडीच किलो.

म्हणून मी जुन्या गोव्याला एला इथे कृषी विज्ञान केंद्रात गेले. भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्या केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्थेच्या आवारातच उत्तर गोव्याचं हे केंद्र आहे. फोनवर ॲप उघडून दाखवलं. तिथल्या मॅडमनी माझा गोठा कागदावर मांडला. कुठल्या खाद्यात प्रथिनं किती, चोथा रोज किती द्यायचा आणि किती दिवसांत संपवायचा, पेंढ्यावर युरियाची प्रक्रिया कशी करायची. शंभर किलो पेंढ्याला चार किलो युरिया पाण्यात विरघळवून शिंपडायचा आणि हवाबंद झाकून एकवीस दिवस ठेवायचा. हे सगळं कुठल्यातरी ॲपमध्ये असेलही. पण माझ्याकडे काय आहे हे विचारून उत्तर देणारं माणूस समोर होतं, त्याचा फरक मोठा. आता मी तो कागद आणि ॲप दोन्ही बघते. गायीचं वजन, दूध आणि वेताच्या तारखा ॲपमध्ये, खाद्याची वाटणी कागदावरून.

खाद्य कंपन्यांच्या ॲपबद्दल एवढंच सांगते. सल्ला वाईट नसतो, पण प्रत्येक सल्ल्याच्या शेवटी त्यांचंच पोतं येतं. दूध कमी झालं, हे पोतं. फॅट कमी, ते पोतं. एकदा शेजारच्या मामींच्या गायीचं फॅट उतरलं होतं. कारण साधं होतं, पेंढा संपत आला म्हणून त्यांनी चोथा वाढवला होता. सुका चारा पोटात गेला नाही की फॅट पडतंच. पेंढा वाढवल्यावर आठवड्यात फॅट वर आलं. त्यासाठी महागडं पोतं घ्यायची गरज नव्हती.

आजाराच्या बाबतीत माझं मत अनुभवाने पक्कं झालं आहे. ॲपकडून निदान घेऊ नये, डॉक्टरांना फोन करण्याची तयारी ॲपवर करावी. शेजारच्या काकींची गाय आदल्या दिवशी व्याली होती. रात्री दहाच्या सुमारास काकी धावत आल्या. "गो, गाय बसली ती उठतच नाही." मान कुशीकडे वळवून पडलेली. ॲपमध्ये "जनावर उठत नाही" म्हणून शोधलं तर अशक्तपणा, खुराचा आजार, मार, कॅल्शियमची कमतरता अशी लांबलचक यादी आली. ती वाचत बसायची वेळ नव्हती. पण दुसऱ्या एका पानावर डॉक्टरांना काय सांगायचं ते लिहिलेलं मला पाठ होतं. कधी व्याली, कितवं वेत, दूध किती, अंगाचं तापमान, रवंथ करते का, शेण आणि लघवी कशी. गायीचं तापमान साधारण १०१ ते १०२ फॅरनहाइटच्या आसपास असतं. हिचं त्याखाली होतं, आणि कान हाताला थंडगार.

एवढं सांगितल्याबरोबर डॉक्टर फोनवरच म्हणाले, दुग्धज्वर दिसतो. तोंडाने काही पाजू नका, गिळता येत नसेल तर फुफ्फुसात जाईल. कुशीवर आडवी पडू देऊ नका, छातीवर बसती ठेवा, दोन्ही बाजूंना पेंढ्याची पोती लावा. आम्ही तसं केलं. ते आले, शिरेतून कॅल्शियम हळूहळू दिलं, आणि अर्ध्या-पाऊण तासात गाय आपणहून उठली. व्याल्यानंतर कास भरू लागते तेव्हा रक्तातलं कॅल्शियम दुधात ओढलं जातं आणि स्नायूंना पुरत नाही, म्हणून जनावर कोसळतं. नाव दुग्धज्वर असलं तरी अंग थंड पडतं. हे ज्या घरात माहीत नसतं तिथे लोक गरम काढा पाजतात आणि गाय हातची जाते. फोनवर दोन मिनिटांत नेमकी माहिती देता आली, ती त्या पानामुळे. डॉक्टर एक आणि गावं अनेक, अशा भागात त्या दोन मिनिटांची किंमत मोठी. १९६२ हा जनावरांच्या उपचारासाठीचा टोल-फ्री क्रमांक आहे, तो आता मी प्रत्येकीच्या फोनमध्ये घालून दिला आहे. बिल्ल्याचा फोटोही काढून ठेवायला सांगते. अंधारात गायीच्या कानातला आकडा वाचता येत नाही.

घरगुती उपाय ॲपमध्ये बरेच असतात. त्यातला कासदाहाचा, म्हणजे कास सुजते त्यावरचा, लेप मी मनापासून सांगते, कारण तो डॉक्टरांनीही मान्य केला. कोरफड २५० ग्रॅम, हळद ५० ग्रॅम, खायचा चुना १५ ग्रॅम, एकत्र वाटायचं. कास स्वच्छ धुऊन, पूर्ण पिळून, थोडा थोडा लेप पाण्यात पातळ करून दिवसातून आठ-दहा वेळा लावायचा, पाच दिवस. मात्र सड दगडासारखा घट्ट झाला, दुधात रक्त किंवा पू आला, गायीला ताप आला, तर लेपावर थांबायचं नाही. गोव्यातल्या पावसाळ्यात गोठा चार महिने ओला राहतो, आणि कासदाह तेव्हाच जास्त. रोज पहिल्या धारा काळ्या फडक्यावर काढून गुठळ्या दिसतात का बघायचं, ही सवय कुठल्याही औषधापेक्षा मोलाची.

२०२२ मध्ये गाईंच्या अंगावर गाठी आणणाऱ्या लंपी रोगाची साथ देशभर पसरली तेव्हा फोनवर भलत्याच गोष्टी फिरू लागल्या. दूध पिऊ नका, माणसाला होतो, अमुक पाला खायला घाला. सोसायटीत दूध घालणाऱ्या बायका घाबरल्या होत्या, कारण गावातलीच गिऱ्हाईकं दूध बंद करायला निघाली होती. लंपी माणसाला होत नाही, दूध उकळून घ्यावं, आणि प्रतिबंधासाठी शेळ्यांच्या देवीची लस गाईंना टोचतात, हे खात्याच्या सूचनांमध्ये स्पष्ट होतं. मी ते मोठ्याने वाचून आवाज रेकॉर्ड केला आणि वाड्याच्या ग्रुपवर टाकला. लिहिलेलं किती जणी वाचतात कोण जाणे, पण आवाज सगळ्यांनी ऐकला. धारा काढताना फोन कट्ट्यावर ठेवून ऐकता येतो. तेव्हापासून मी महत्त्वाचा प्रत्येक सल्ला बोलूनच पाठवते. आमच्याकडे बोलणं कोकणी आणि वाचणं मराठी, म्हणून वाचते मराठीत आणि समजावते कोकणीत.

काही गोष्टी मात्र कुठल्याच ॲपमध्ये सापडल्या नाहीत, आणि त्या आमच्या जिवाच्या आहेत. आमच्या सत्तरी तालुक्यात २०१५ पासून माकडतापाचे रुग्ण आढळले. तो रानातल्या गोचिडांतून माणसाला होतो. रानात चरून आलेल्या जनावरांच्या अंगावर गोचीड येतात आणि गोठ्यात पसरायला आपण जो पातेरा, म्हणजे सुका पाला, रानातून गोळा करून आणतो त्यातूनही येतात. ॲपमध्ये गोचिडांवर पान असतं, पण ते गायीच्या दुधाचं नुकसान सांगतं, औषध किती पाण्यात मिसळायचं ते सांगतं. गोठ्यात वाकून शेण काढणाऱ्या बाईला ताप येऊ शकतो, हे तिथे नाही. हिवाळा सुरू झाला की मे महिन्यापर्यंत रानातला पातेरा गोठ्यात आणू नका, त्याऐवजी पेंढा किंवा भाताचं तूस वापरा, रानात जाऊन आल्यावर अंग तपासा, ताप आला तर आरोग्य केंद्रात रानात गेल्याचं आणि गोचिडांचं आवर्जून सांगा, हे मी स्वतःच्या आवाजात दर वर्षी पाठवते. जनावराचं आरोग्य आणि ते सांभाळणाऱ्या माणसाचं आरोग्य एकाच पानावर यायला हवं, अशी माझी ॲप बनवणाऱ्यांकडे कळकळीची मागणी आहे.

दुसरी गोष्ट गावठी गाईंची. आमच्या वरच्या वाड्यावर एका आजींकडे पांढऱ्या शुभ्र गाई आहेत. त्या दूध दोन-तीन लिटरच देतात, पण पावसाला आणि उकाड्याला दबत नाहीत, रानात चरून पोट भरतात. नोंद करताना जातीच्या रकान्यात त्यांच्यापुढे अवर्णित असं लागलं होतं. खरं तर गोव्याची श्वेतकपिला ही आता राष्ट्रीय पातळीवर नोंद झालेली जात आहे. आजींना हे सांगितलं तेव्हा त्यांनी गाईंची आई, तिची आई अशी पाच पिढ्यांची नावं मला म्हणून दाखवली. ती सगळी माहिती मी वहीत उतरवून घेतली. संकरित गायीसाठी काढलेला खुराकाचा आकडा अशा गायीला लावायचा नसतो. जात बरोबर नोंदली गेली पाहिजे ती त्यासाठीच.

आता वेळेचं. निरोप सकाळी अकराला आला तर आमच्या उपयोगाचा नाही. त्या वेळी कुणी चारा कापत असते, कुणी नदीवर, कुणी काजूत. आमची निवांत अर्ध्या तासाची वेळ म्हणजे संध्याकाळी सोसायटीत दुधाचं फॅट तपासायची रांग लागते तेव्हाची. तिथे सगळ्या जणी असतात, नेटवर्कही बरं असतं. म्हणून चिटणीसांना विचारून आम्ही तिथेच बसतो. कुणाच्या गायीला रेतन करून तीन महिने होत आले आणि गाभण तपासायची आहे, कुणाची गाय सात महिन्यांची गाभण झाली म्हणजे आटवायला, दूध काढणं हळूहळू बंद करायला, घ्यायची आहे, कुणाची कालवड चार ते आठ महिन्यांच्या मध्ये आहे म्हणजे तिला गर्भपात घडवणाऱ्या ब्रुसेला रोगाची एकदाच द्यायची लस द्यायची आहे, हे ॲपमधल्या तारखांवरून बघून तिथल्या तिथे ठरतं. म्हशीचे दिवस गायीपेक्षा महिनाभर जास्त, ३१० च्या आसपास. तिचा माजही मुका, म्हणजे सहज न कळणारा, बहुधा रात्री किंवा पहाटे. म्हशीवाल्या दोघी-तिघी आता तारीख जवळ आली की पहाटे मुद्दाम गोठ्यात चक्कर मारतात. तारखा लक्षात ठेवणं हे फोनचं काम, आणि ते तो माझ्यापेक्षा चांगलं करतो.

सोसायटीच्या रजिस्टरमध्ये आम्ही आता आणखी एक रकाना आखला आहे, गोठ्यात प्रत्यक्ष कोण राबतं तिचा मोबाइल. जिच्याकडे स्वतःचा फोन नाही तिच्या घरात दिवसा असणाऱ्या मुलीचा किंवा सुनेचा नंबर घेतला. बहुतेकींचे नंबर दवाखान्यात बदलून झाले. दोन घरांचं काम अडकलं आहे, कारण जनावरं अजून वारलेल्या सासऱ्यांच्या नावावर आहेत आणि निरोप बंद पडलेल्या नंबरवर जात असणार. मृत्यूचा दाखला, आधार आणि बिल्ल्यांचे क्रमांक अशी त्यांची कागदपत्रं जमवणं चालू आहे. चवथीच्या आधी लाळ्या-खुरकुताची लस घेऊन पथक वाड्यावर येईल, तोवर त्या दोघींची नावं लागलेली हवीत.